‘एवढे पैसे घालताय, तर रंगही बघा’

नाशिकहून एका आईचं चार पानी पत्र आलं आहे. परवानगीनं त्यातला मुख्य भाग देते.

‘ताई, आमची मुलगी आठ वर्षांची आहे. थॅलेसेमिया मेजर. दर तीन आठवड्यांनी रक्त चढवावं लागतं. आम्ही दोघंही मायनर आहोत हे ती सात महिन्यांची असताना कळलं. गरोदरपणात कुणी ती तपासणी सांगितलीच नव्हती. आता मला दुसरं मूल हवंय. मी ३४ वर्षांची आहे. माझे दीर सॅन होजेला असतात. ते म्हणतात, भ्रूणातच जीन दुरुस्त करायचं तंत्र येतंय, चार-पाच वर्षं थांबा. थॅलेसेमिया तर जाईलच, शिवाय सासऱ्यांकडचा डायबिटीस, माझा जाड चष्मा, उंची, सगळंच मार्गी लागेल. मिस्टरांना ते पटलंय. सासूबाई म्हणाल्या, एवढे पैसे घालताय, तर रंगही बघा. आमच्या डॉक्टरांनी वेगळंच सुचवलं, की आयव्हीएफ करून असं बाळ निवडा, जे मोठीला बोनमॅरोही देऊ शकेल. हे सगळं ऐकून लेकीनं मला विचारलं, “बाळ माझ्यासारखं होऊ नये म्हणून तपासणार ना?” मी भाजी फोडणीला टाकायच्या निमित्तानं उठून गेले. ताई, यातलं काय योग्य आणि काय नाही?’

नमस्कार.

आधी दिरांचं बघू, कारण त्यांच्या सल्ल्यापायी तुमची पाच वर्षं जाणार आहेत.

तुम्ही दोघं मायनर, म्हणजे वाहक आहात: आजार नाही, पण त्याचं जनुक अंगात आहे. म्हणजे प्रत्येक गर्भारपणात मूल मेजर असण्याची शक्यता चारात एक, तुमच्यासारखं मायनर असण्याची चारात दोन, आणि अगदी कोरं असण्याची चारात एक. हा तक्ता तुम्हाला पाठ असेल. मीही कितीतरी जोडप्यांना तो कागदाच्या पाठकोऱ्या बाजूवर काढून दाखवला आहे. आता तोच उलटा वाचा. तुमच्या चार भ्रूणांतल्या तिघांना मुळात काही झालेलंच नसतं. मायनर मूल तुमच्या-माझ्यासारखंच जगतं, फक्त लग्नाच्या वेळी जोडीदाराची एचबीएटू तपासणी, म्हणजे वाहक आहे की नाही हे सांगणारी रक्ताची चाचणी, विसरायची नाही. मग दुरुस्ती कुणाची करायची? आयव्हीएफ करून भ्रूण तपासायचे आणि मेजर नसलेला निवडायचा, हे तंत्र आज आपल्याकडे मोठ्या शहरांत उपलब्ध आहे. तेही नको असेल, तर नैसर्गिक गर्भधारणेनंतर अकराव्या ते चौदाव्या आठवड्यात सीव्हीएस करता येते. वारेचा कणभर तुकडा काढून तपासतात, आणि निकाल वाईट आला तर गर्भपाताचा निर्णय घ्यावा लागतो. दोन्ही रस्ते सोपे नाहीत. पहिल्यात इंजेक्शनं आणि काही लाखांचा खर्च आहे. दुसऱ्यात निकालाची वाट बघण्याचे दिवस आहेत, आणि ते कसे जातात हे मी बाकड्यावर बसलेल्या बायकांच्या चेहऱ्यांवर पाहिलं आहे. पण दोन्ही रस्ते आज आहेत आणि तुम्ही आज ३४ वर्षांच्या आहात. एकोणचाळिसाव्या वर्षी तंत्र कुठे पोहोचलेलं असेल ते दिरांनाही माहीत नाही. तुमची बीजांडं कमी झालेली असतील एवढं मात्र नक्की.

भ्रूणाचं जनुक बदलणं खरोखर अपरिहार्य ठरेल अशी जोडपी फार थोडी. उदाहरणार्थ, आई आणि बाप दोघंही स्वतः मेजर असतील तर. तिथे निवडायला निरोगी भ्रूणच नसतो. तुमचं तसं नाही. ‘चिमुकल्या जिवाचा आजार बरा करायचा’ असं सांगून हे तंत्र विकलं जाईल, तेव्हा हा हिशेब आठवा. आजार टाळायला बहुतेकांना निवड पुरते. निवड पुरत नाही ती मुळात नसलेलं काही घालायचं असेल तेव्हा. म्हणून मला वाटतं, या दुकानाचं खरं गिऱ्हाईक तुम्ही नाहीच, तुमच्या सासूबाई आहेत. त्यांच्याकडे येतेच.

भ्रूणाचं जनुक बदलणं एकदा करून झालेलंही आहे, आणि ते कसं झालं ते मिस्टरांना नीट सांगा. चीनमधल्या शेन्झेनच्या विद्यापीठातला ह जियानक्वे नावाचा संशोधक. नोव्हेंबर २०१८मध्ये हाँगकाँगला जनुक-संपादनावरची आंतरराष्ट्रीय परिषद भरणार होती. तिच्या तोंडावर त्यानं जाहीर केलं, की जनुकं बदललेल्या जुळ्या मुली जन्मल्या आहेत. टोपणनावं लुलू आणि नाना. बाप एचआयव्हीग्रस्त, आई नाही. ह जियानक्वेनं भ्रूणातलं सीसीआर५ हे जनुक बंद करायचा घाट घातला, म्हणजे मुलींना एचआयव्ही होणार नाही. ऐकायला परोपकारच. पण बापाच्या वीर्यातले शुक्राणू धुऊन वेगळे काढून बाळाला संसर्गापासून वाचवायची पद्धत आधीपासून होती आणि या आयव्हीएफमध्येही तीच वापरली गेली. म्हणजे मुली तशाही वाचणार होत्या. जनुकबदल ही वरची भर. तीही नीट पडली नाही. एचआयव्हीपासून वाचवणारा जो बदल काही माणसांत निसर्गतः आढळतो तो झालाच नाही, दुसरेच बदल झाले, आणि तेही शरीरातल्या सगळ्या पेशींत सारखे झालेत अशी खात्री देता आली नाही. शिवाय सीसीआर५ काही रिकामं बसलेलं जनुक नाही. ते नसलेल्यांना वेस्ट नाईल विषाणूचा त्रास जास्त होऊ शकतो. आईबापांनी सही केलेल्या कागदावर या कामाचं नाव होतं एड्सची लस विकसित करण्याचा प्रकल्प. नैतिक समितीची मंजुरी बनावट निघाली. डिसेंबर २०१९मध्ये त्याला तीन वर्षं तुरुंगवास आणि तीस लाख युआन दंड झाला. तोवर आणखी एक मूल जन्माला आलं होतं.

त्या आईबापांचा विचार माझ्या डोक्यातून जात नाही. चीनमध्ये तेव्हा एचआयव्हीग्रस्तांना आयव्हीएफ मिळणं दुरापास्त होतं. मूल हवं, तर हा एक दरवाजा उघडा. अशा माणसानं कागद किती बारकाईनं वाचला असेल? तुम्हीही आज त्याच मनःस्थितीत आहात, म्हणून बजावते. अमेरिकेत २०२५पासून भ्रूण-संपादनासाठी पैसे उभे करणाऱ्या नव्या कंपन्या दिसू लागल्या आहेत. पण तिथल्या औषध प्रशासनाला असा अर्ज विचारात घ्यायलाही २०१५पासून संसदेची मनाई आहे. आपल्याकडे आयसीएमआरच्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार पुढच्या पिढीत उतरेल असा जनुकबदल माणसात करायला बंदी आहे. प्रयोगशाळेतही चित्र काही फार आश्वासक नाही. न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात २०२०मध्ये भ्रूणांवर क्रिस्पर या जनुकं कापून बदलायच्या तंत्राची कात्री चालवून पाहिली, तर काहींमध्ये कापलेल्या जागेची दुरुस्ती न होता अख्खं गुणसूत्रच गळून पडलेलं आढळलं. जनुकातली एक वेलांटी सुधारायला गेले आणि पुस्तकाचं पानच गेलं.

‘न जन्मलेल्याची संमती कुठे घेतली?’ असा मुद्दा या विषयावर हमखास काढतात. मला तो तितकासा पटत नाही. जन्माला यायची संमती आपल्यापैकी कुणाचीच कुणी घेतली नव्हती. माझी अडचण साधी आहे. औषध चुकलं तर थांबवता येतं. इथे चूक झाली तर ती त्या मुलाच्या रक्तात, आणि पुढे त्याच्या मुलांच्याही. ती निस्तरणार कोण? कंपनी तर तोवर दुसऱ्या नावानं उभी असेल.

पण क्रिस्पर म्हटलं की सगळंच वाईट असंही मनात धरू नका, कारण ते तुमच्या लेकीच्या कामाचं आहे. तिच्यासारख्या जन्मलेल्या माणसाच्या पेशींत केलेला बदल तिच्यापुरताच राहतो, तिच्या मुलांत उतरत नाही. याच तंत्रावरचं कॅसजेवी हे पहिलं औषध नोव्हेंबर २०२३मध्ये ब्रिटननं सिकलसेल आणि थॅलेसेमिया या दोन्हींसाठी मंजूर केलं, मग अमेरिकेनंही. रुग्णाच्याच मज्जेतल्या मूळपेशी बाहेर काढतात, आपण आईच्या पोटात असताना जे हिमोग्लोबिन बनवत होतो ते पुन्हा बनू लागेल अशी तजवीज त्यांत करतात, आणि परत सोडतात. मधे केमोथेरपी सोसावी लागते. मंजुरी मिळाली ती बारा वर्षांवरच्या रुग्णांसाठी आणि अमेरिकेतली किंमत २२ लाख डॉलर. तेव्हा उद्याच्या उद्या काही नाही. पण विदर्भासारख्या भागांतल्या सिकलसेलपायी आपल्या देशातही यावर काम चालू आहे. दिल्लीची आयजीआयबी ही सरकारी संस्था त्यात आहे. दिरांना काही पाठवायचंच असेल, तर याच्या बातम्या पाठवा म्हणावं.

आता सासूबाई.

रागावू नका त्यांच्यावर. त्यांनी उघड बोलून दाखवलं, बाकीचे मनात ठेवतात. गोऱ्या रंगापायी त्यांनाही कुणीतरी कधीतरी बोललं असेल. पण त्यांच्या त्या एका वाक्यात या विषयाचा सगळा धोका आहे, आणि आपल्याला तो ओळखू यायला हवा, कारण महाराष्ट्रानं हा खेळ एकदा पाहिला आहे. गर्भजल परीक्षा आपल्या देशात आली ती जन्मजात दोष शोधायला. काही वर्षांतच तिच्यावर दुसराच प्रश्न विचारला जाऊ लागला, आणि नंतर सोनोग्राफीवरही तोच. त्याविरुद्ध देशात पहिला कायदा आपल्या राज्यानं १९८८मध्ये केला, केंद्राचा १९९४मध्ये आला. तरी २०११च्या जनगणनेत बीड जिल्ह्यात सहा वर्षांपर्यंतच्या दर हजार मुलग्यांमागे मुली होत्या ८०७. यंत्र वाईट नव्हतं. घराघरांत जे हवं होतं, तेच त्यानं पुरवलं. उद्या रंग पुरवता येतो म्हटलं, की ज्यांना नकोय त्यांनाही घ्यावा लागेल. ‘शेजारच्यांनी केलं, आपण पोरीचं नुकसान का करायचं?’ हे वाक्य क्लासच्या फीपर्यंत येऊन थांबलेलं आहे, ते गर्भाशयापर्यंत न्यायचं का?

शिवाय मिळणार काय, तेही बघा. उंचीशी संबंध असलेल्या जागा आपल्या जनुकांत बारा हजारांवर सापडल्या आहेत. त्यातल्या कुठल्या बदलणार? बदलण्याऐवजी नुसतं निवडायचं म्हटलं, तर त्याचाही हिशेब जेरुसलेमच्या संशोधकांनी २०१९मध्ये मांडला आहे. दहा भ्रूणांतून सगळ्यात ‘उंच’ दिसणारा निवडला, तर सरासरीपेक्षा फायदा साधारण अडीच सेंटिमीटर. बुद्ध्यांकाचंही तसंच, अडीच गुण. आणि ही अंदाजित सरासरी, हमी नव्हे. अडीच सेंटिमीटर म्हणजे चपलेची टाच. चष्म्याचं आणि डायबिटीसचं गणित तर याहून गुंतागुंतीचं, त्यात जनुकांबरोबर ताटातलं आणि हातातल्या मोबाइलचंही येतं. कायद्याचं म्हणाल, तर आयव्हीएफसारख्या उपचारांसाठीचा २०२१चा एआरटी कायदा भ्रूण-तपासणीला आनुवंशिक आजारांपुरतीच वाट देतो, आणि लिंगनिवड हा गुन्हा आहे. कुठल्या सेंटरवर कुणी हळूच ‘आणखी काही हवंय का?’ असं विचारलं, तर पिशवी उचला आणि बाहेर पडा. जिथे हे विचारतात तिथे थॅलेसेमियाचा रिपोर्टही धड मिळणार नाही.

डॉक्टरांनी सुचवलेला तिसरा रस्ता सगळ्यात अवघड आहे. बहिणीला उपयोगी पडणारं बाळ. अहमदाबादला एका कुटुंबानं हे केलं आहे. निवडलेल्या भ्रूणातून झालेल्या धाकट्या बहिणीची मज्जा २०२०मध्ये थॅलेसेमिया मेजर भावाला दिली. तेव्हा हे देशातलं पहिलं उदाहरण म्हणून बातम्या आल्या, आणि पाठोपाठ टीकाही आली, की मूल म्हणजे काय सुटा भाग आहे का?

मी टीका करणाऱ्यांच्या बाजूची नाही. म्हातारपणी बघेल म्हणून, शेतीला हात म्हणून, पहिलीला सोबत म्हणून, लग्न तुटू नये म्हणूनही माणसं मुलं जन्माला घालतात, तिथे कुणी नैतिक समिती बसवत नाही. बहिणीचा जीव वाचावा हे त्यातल्या त्यात चांगलंच कारण म्हणायचं. पण दोन गोष्टी पक्क्या करून घ्या. पहिली गणिताची. भ्रूण मेजर नसण्याची शक्यता चारात तीन. सख्ख्या भावंडाचं एचएलए, म्हणजे मज्जा चालेल की नाही हे ठरवणाऱ्या पेशींवरच्या खुणा, जुळण्याची चारात एक. दोन्ही एकदम हवं तर सोळात तीन. दहा चांगले भ्रूण मिळाले, तर जेमतेम दोन त्यात बसतील, आणि तेही गर्भाशयात रुजतीलच असं नाही. दोन-तीन फेऱ्या होऊ शकतात. प्रत्येक फेरीत तुमच्या दंडावर, पोटावर सुया. ‘आईनं थोडं सोसायचं’ असं घरात गृहीत धरलेलं असेल, तर आधी ते मोडून काढा. किती फेऱ्या, हा आकडा तुम्ही ठरवायचा, मिस्टरांनी नाही.

दुसरी गोष्ट मनाची. जुळलं, बाळ झालं, प्रत्यारोपण केलं आणि ते फसलं, तर त्या बाळाकडे तुम्ही कुठल्या नजरेनं बघाल? मी याचं उत्तर मागत नाही. तुम्ही दोघांनी एका संध्याकाळी, सासूबाई आणि फोन दोन्ही दूर ठेवून, एकमेकांना हा प्रश्न विचारा. ‘तरी ते आपलंच’ हे उत्तर जरा अडखळत आलं तरी चालेल. आलंच नाही, तर फक्त मेजर नसलेलं बाळ निवडा, एचएलएचा हट्ट सोडा. लेकीच्या प्रत्यारोपणाला दुसरे दातेही बघता येतात. तुमच्या दोघांच्या एचएलए तपासण्या झाल्या आहेत का? नोंदणीकृत दात्यांच्या यादीत शोध घेतला आहे का? पत्रात याविषयी काही नाही. भावंडाची मज्जा जुळली, तर खर्चासाठी कोल इंडियाची थॅलेसेमिया बाल सेवा योजना आहे, दहा लाखांपर्यंत मदत मिळते. उत्पन्नाची अट आहे, ती विचारून घ्या.

आता ज्या प्रश्नावर तुम्ही फोडणीकडे पळालात तो.

थॅलेसेमियाच्या मुलांना रक्त चढवायच्या आमच्या डे केअरमध्ये एक मुलगा यायचा. नऊ-दहा वर्षांचा. व्हेन पटकन सापडायची नाही म्हणून तो स्वतःच सिस्टरांना सांगायचा, ‘उजव्या हाताची ही घ्या, डावीकडची रुसलीये.’ त्याची आई दुसऱ्यांदा गरोदर होती आणि सीव्हीएसचा रिपोर्ट चांगला आला होता. ती बिचारी त्याच्यासमोर आनंदही दाखवेना. शेवटी त्यानंच विषय काढला. बाळाला थॅलेसेमिया नाही ना? नाही, ती म्हणाली. तो म्हणाला, ‘बरं झालं. मे महिन्यात एक पिशवी मिळताना मारामार. दोघांना कुठून आणली असती?’

आम्ही मोठी माणसं ज्याला अपमान समजून कुजबुजत होतो, तो त्याच्या दृष्टीनं रक्तपेढीचा हिशेब होता. सुट्ट्यांत कॉलेजं बंद, शिबिरं बंद, हे त्याला आमच्याइतकंच ठाऊक होतं. सगळी मुलं अशी नसतात. पण आजार आणि आपण यांत फरक आहे, हे या मुलांना आपल्यापेक्षा लवकर कळतं, कारण त्यांना तो दर तीन आठवड्यांनी सुईच्या टोकावर भेटतो. तिला तो आवडत नाही. बाळाला तो नको असं तिलाही वाटू शकतं. तुम्ही उठून गेलात त्यामुळे मात्र तिला एवढंच कळलं, की यात काहीतरी न बोलण्यासारखं आहे.

तेव्हा विषय पुन्हा काढा. शक्यतो रक्त चढत असताना, तेव्हा चार तास दोघींनाही कुठे जायचं नसतं. तिला म्हणा, हो, बाळाला थॅलेसेमिया नको म्हणून तपासणार. तुझी पिशवी, तुझ्या सुया, तुझी ती घाणेरड्या चवीची गोळी आणखी कुणाला नको म्हणून. मग ती कदाचित पुढचं विचारेल: ‘माझ्या वेळी तपासलं असतं तर?’ मुलं तिथवर जातात. तेव्हा ‘असं बोलू नये’ म्हणू नका, आणि ‘तरी तुलाच आणलं असतं’ असंही घाईनं म्हणू नका, खोटं त्यांना लगेच कळतं. खरं काय ते तुम्हालाच माहीत. मी असते तर म्हणाले असते, तेव्हा मी तुला ओळखत नव्हते, काय केलं असतं ते सांगता येत नाही. आता ओळखते, आणि आता तुझ्याऐवजी दुसरं कुणी मला चालणार नाही. एवढं बोलून गप्प बसा. तिला रडायचं असेल तर रडू दे. किंवा कार्टून लावून दे म्हणेल, तेही चालेल.

एक शेवटचं. चार पानांत तुम्ही न झालेल्या बाळाचा रंग, उंची, चष्मा, साखर सगळं लिहिलंत. लेकीचं फेरिटिन, म्हणजे अंगात किती लोह साठलंय ते सांगणारा आकडा, कुठेच नाही. रक्ताबरोबर साठणारं लोह काढायच्या गोळ्या ती रोज घेते का, शेवटचा आकडा किती होता, हजाराच्या खाली की अडीच हजाराच्या वर? लोह यकृतात साचत गेलं, तर उद्या मज्जा जुळली तरी प्रत्यारोपणाचा धोका वाढलेला असतो. आठव्या वर्षी हृदयाच्या आणि यकृताच्या एमआरआयचंही डॉक्टरांना विचारायला हवं. पुढच्या वेळी रक्त चढवायला जाल तेव्हा रिपोर्ट मागून घ्या आणि आकडा मला कळवा.